सावित्रीकांठचें चित्रालय : छायाचित्रप्रेमींनीं साधें संकेतस्थळ कसें बांधावें?



सन २०२१ च्या जुलै महिन्यांत सावित्री व गांधारी या नद्यांच्या महापुरानें महाड शहर बुडालें, ही गोष्ट तुमच्यापैकीं पुष्कळांनीं डोळ्यांनीं पाहिली आहे व बाकीच्यांनीं घरच्या वडील मंडळींकडून ऐकली आहे. पाणी ओसरल्यावर चिखल उपसण्याच्या कामीं आम्ही कांहीं शिक्षक एका परिचित कुटुंबाच्या घरीं गेलों होतों. भांडीं धुतां आलीं, पलंग उन्हांत टाकतां आला. परंतु कपाटाच्या खालच्या खणांतील छायाचित्रांचा जाड संग्रह एकच ओला ठोकळा होऊन बसला होता. जुन्या छायाचित्राच्या कागदावर जिलेटिनाचा पातळ थर असतो. तो भिजला म्हणजे मऊ होतो आणि वाळतांना शेजारच्या कागदास घट्ट चिकटतो. त्या ठोकळ्यांतून धड असें एकही चित्र निघालें नाहीं.

चार दिवसांनीं त्या घरच्या मुंबईतील भाच्यानें एक चित्र पाठविलें. पूर्वीं एका लग्नाच्या वेळीं त्यानें त्या संग्रहांतील एका पानाचें आपल्या मोबाइलवर सहज चित्र घेऊन ठेविलें होतें. अंगणांत बसलेल्या पांच स्त्रिया व त्यांच्या मागें कुडाची भिंत, असें तें चित्र होतें. घरच्या आजीबाईंनीं दोघींचीं नांवें तत्काळ सांगितलीं. उरलेल्या तिघी कोण, हें मात्र घरांत कोणासच सांगतां येईना. चित्र वांचलें, पण नांवें हरपलीं; आणि कोणीं कधीं तीं लिहूनच न ठेविल्यामुळें पूर येण्याच्या आधींच तीं हरपलीं होतीं.

छायाचित्रांची आवड असलेल्या मुलांनीं आपल्या दोन तालुक्यांचें एक साधें चित्रालय संकेतस्थळाच्या रूपानें बांधावें, ही कल्पना मला त्या दिवशीं सुचली. तें कसें बांधावें व बांधतांना कोणत्या गोष्टीस अधिक जपावें, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

थोडा पूर्वेतिहास

छायाचित्रणाची कला आपल्या प्रांतांत फार लवकर आली. दागेर या फ्रेंच गृहस्थाची रीत १८३९ सालीं जगापुढें आली व १८५४ सालीं मुंबईस छायाचित्रकारांची मंडळी, ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ या नांवानें, स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नामांकित छायाचित्रकार होते. आपलीं चित्रें एकमेकांस दाखवावीं, गुणदोष सांगावे व शिकावें, हाच अशा मंडळींचा उद्योग असे.

आज तेंच काम संकेतस्थळ करितें. जिनीव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं सिद्ध केलेलें पहिलें संकेतस्थळ १९९१ सालीं लोकांस खुलें झालें. त्यांत केवळ मजकूर होता. १९९३ सालीं ‘मोझेक’ नांवाचा न्याहाळक निघाला व मजकूर आणि चित्र एकाच पानावर शेजारीं शेजारीं दिसूं लागलें. त्याच वर्षीं ३० एप्रिल रोजीं ‘सर्न’नें ही विद्या सर्व जगास विनामूल्य खुली केली. आपणां मराठी जनांस आणखी एक उपकार स्मरला पाहिजे. जगांतील लिप्यांस संगणकांत निश्चित क्रमांक देणाऱ्या ‘युनिकोड’ या योजनेच्या पहिल्याच आवृत्तींत, १९९१ सालीं, देवनागरीस जागा मिळाली. तिच्यासाठीं १२८ घरें राखून ठेविलेलीं आहेत. म्हणूनच पोलादपुरांत लिहिलेलें ‘सावित्री’ हें नांव परदेशांतील संगणकावरही ‘सावित्री’ असेंच उमटतें.

प्रथम कागद, मग संगणक

गवंडी प्रथम दोरी धरतो व नंतर पाया खणतो. संकेतस्थळाचेंही तसेंच आहे. संगणक उघडण्यापूर्वीं एक कोरा कागद घ्यावा व त्यावर तीन प्रश्नांचीं उत्तरें लिहावीं : हीं चित्रें कोणासाठीं आहेत? कोणतीं चित्रें ठेवावयाचीं? पाहणारास तीं कोणत्या वाटेनें सांपडावीं?

सर्व कांहीं ठेवणारें स्थळ अडगळीच्या खोलीसारखें होतें. आपल्या चित्रालयास चार दालनें पुरेत. पहिलें दालन गड, लेणीं व स्मारकें यांचें. त्यांत १६७४ सालीं शिवछत्रपतींचा राज्याभिषेक ज्यावर झाला व २०२५ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादींत ज्याची गणना झाली, तो रायगड. पाचाडची जिजाऊंची समाधि. गांधारपाल्याचीं बौद्ध लेणीं. उमरठ येथील तानाजी मालुसरे यांची समाधि. आणि २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं ज्याचें पाणी पिऊन दलित जनतेचा मानवी हक्क बजावला, तें चवदार तळें. दुसरें दालन नदी व पाऊस यांचें : महाबळेश्वराहून उतरणारी सावित्री, आंबेनळी घाटांतील धुकें, भाताचीं खाचरें. तिसरें माणसांचें व त्यांच्या कामधंद्यांचें. चौथें जुन्या चित्रांचें, म्हणजे घरोघरच्या पेट्यांतून निघणाऱ्या ठेव्याचें.

प्रत्येक दालनांत आरंभीं वीसच चित्रें ठेवावीं. शंभर चित्रें काढणें आजकाल सोपें आहे. शंभरांतून वीस निवडणें हीच छायाचित्रकाराची खरी परीक्षा होय.

चित्राखालची ओळ

या पाठांतील हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. प्रत्येक चित्राखालीं पांच गोष्टी लिहाव्या : काय, कोठें, केव्हां, कोणीं काढलें व कोणाच्या परवानगीनें ठेविलें. एखादा विद्यार्थी ‘रम्य प्रभात’ असें लिहितो. ऐकावयास तें गोड वाटतें. परंतु त्यांत ज्ञान कांहींच नाहीं. त्याऐवजीं असें लिहावें : ‘सावित्री नदी, महाड, दादली पुलावरून, १५ जून २०२५, सकाळीं ७ वाजतां, इयत्ता नववींतील विद्यार्थ्यानें काढलेलें.’ पन्नास वर्षांनीं नदीचें पात्र बदललें असेल, कांठचीं घरें बदललीं असतील. तेव्हां ‘रम्य प्रभात’ कोणाच्याही कामीं येणार नाहीं, ही दुसरी ओळ मात्र साक्षीदार म्हणून उभी राहील.

जुन्या चित्रांचा काळ ठाऊक नसेल तर तो तर्कानें काढावा लागतो व त्यांत मोठी मौज आहे. महामार्गावरील सावित्रीचा जुना दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं वाहून गेला व त्या ठिकाणीं नवा पूल २०१७ सालीं उभा राहिला. तो जुना पूल ज्यांत धडधाकट दिसतो, तें चित्र त्या रात्रीच्या पूर्वींचेंच असलें पाहिजे. आपल्या जिल्ह्याचें ‘कुलाबा’ हें नांव बदलून १९८१ सालीं ‘रायगड’ झालें. तेव्हां एखाद्या सरकारी पाटीवर ‘जिल्हा रायगड’ असें वाचतां आलें, तर तें चित्र १९८१ च्या आधींचें नव्हे. अशा खुणा शोधाव्या व जेवढें सिद्ध होतें तेवढेंच लिहावें. ‘सुमारें’ हा शब्द लिहिण्यास लाजूं नये. नांव ठाऊक नसेल तेथें ‘ओळख पटलेली नाहीं’ असें स्पष्ट लिहावें. अंदाजानें नांव ठोकून देऊं नये. तसेंच, आज काढलेलें चवदार तळ्याचें चित्र लावून त्याखालीं नुसतें ‘१९२७’ लिहिलें तर वाचक फसतो. सत्याग्रह १९२७ चा व चित्र आजचें, हें दोन्ही सांगावें. खोटी ओळ खऱ्या चित्रासही खोटें करिते.

चित्राचें वजन

आतां थोडें गणित करूं. समजा, एक चित्र ४००० ठिपके रुंद व ३००० ठिपके उंच आहे. गुणाकार केल्यास १ कोटि २० लक्ष ठिपके होतात व त्याची फाइल सुमारें ४ मेगाबाइटांची भरते. अशीं वीस चित्रें एका पानावर ठेविलीं कीं पानाचें वजन ८० मेगाबाइट झालें. एका बाइटांत ८ बिटें असतात. म्हणजे ६४० मेगाबिटें. डोंगराच्या कुशींतील एखाद्या वाडींत सेकंदास २ मेगाबिटें एवढीच गति मिळत असेल, तर तें पान पूर्ण उघडण्यास ३२० सेकंद, म्हणजे पांच मिनिटांहून अधिक वेळ लागेल. एवढा वेळ कोण थांबेल?

यावर उपाय असा कीं, प्रत्येक चित्राच्या दोन लहान प्रती कराव्या. एक ३०० ठिपके रुंदीची, दालनाच्या पानावर मांडण्यासाठीं. हिचें वजन ३० किलोबाइटांच्या आसपास ठेवितां येतें. वीस प्रतींचें वजन ६०० किलोबाइट होईल व पूर्वींच्याच गतीनें त्या अडीच सेकंदांत उघडतील. दुसरी प्रत १२०० ठिपके रुंदीची, लहान चित्रास स्पर्श केला असतां दिसणारी. १२०० गुणिले ९०० म्हणजे १० लक्ष ८० हजार ठिपके. मूळच्या अकराव्या हिश्शाहूनही कमी. मोबाइलवर पाहणारास ती पुरेशी स्वच्छ दिसते. मूळ चित्रास मात्र हात लावूं नये. तें जसेंच्या तसें निराळें ठेवावें.

पानाची बांधणी

संकेतस्थळ म्हणजे कांहीं जादू नव्हे. तें एक फोल्डर असतें व त्यांत साध्या लेखी फाइली असतात. पानाची रचना ज्या खुणांनीं सांगितली जाते, त्या भाषेस ‘एचटीएमएल’ म्हणतात. शीर्षकास एक खूण, परिच्छेदास दुसरी, दुव्यास तिसरी, अशी ही व्यवस्था आहे. पंधरा-वीस खुणा आल्या म्हणजे आपलें काम भागतें. नोटपॅडसारख्या साध्या लेखनसाधनांतही पान लिहितां येतें. तयार सांचे देणारीं साधनें पुष्कळ आहेत. परंतु पहिलें पान स्वतःच्या हातानें लिहावें, म्हणजे पुढें सांचा मोडला तरी दुरुस्त करितां येतो.

मुख्य पानाच्या फाइलीस ‘इंडेक्स’ हें नांव देण्याची रीत आहे. फाइलींचीं नांवें रोमन लिपींतील लहान अक्षरांत व मध्यें मोकळी जागा न सोडतां द्यावीं. कारण देवनागरी नांव पत्त्यांत बहुधा चिन्हांची लांबलचक माळ होऊन बसतें. पानाच्या माथ्यावर तीन सूचना अवश्य लिहाव्या : अक्षरें ‘यूटीएफ-८’ या पद्धतीचीं आहेत, भाषा मराठी आहे, आणि पानाची रुंदी पाहणाराच्या पडद्याएवढी धरावी. पहिली विसरल्यास मराठी अक्षरांऐवजीं भलतींच चिन्हें उमटूं शकतात. तिसरी विसरल्यास मोबाइलवर सर्व मजकूर मुंगीएवढा दिसतो.

चित्राच्या खुणेंत दोन गोष्टी असाव्या. एक चित्राचा पत्ता व दुसरी ‘ऑल्ट’ नांवाचें शाब्दिक वर्णन. अंध मनुष्याचा संगणक हें वर्णन मोठ्यानें वाचून दाखवितो व चित्र न उघडल्यास त्याच्या जागीं तेंच दिसतें. ‘अंगणांत बसलेल्या पांच स्त्रिया, मागें कुडाची भिंत’ असें लिहिलें म्हणजे न पाहूं शकणाऱ्या बंधूसही आपल्या चित्रालयांत प्रवेश मिळतो. शिवाय चित्राची रुंदी व उंची आंकड्यांत सांगून ठेवावी, म्हणजे चित्रें एकेक उघडत असतां वाचनाची ओळ वरखालीं उडत नाहीं.

रंग, अक्षरांचा आकार, अंतरें हीं ‘सीएसएस’ या दुसऱ्या भाषेंत सांगावयाचीं असतात. तेथें साधेपणा हाच अलंकार समजावा. पार्श्वभूमि शांत असावी, अक्षरें ठळक असावीं. आणि आपल्या लिपीस वर मात्रा व खालीं उकार असल्यामुळें दोन ओळींतील अंतर अक्षराच्या दीडपटीहून थोडें अधिक ठेवावें. हलणारीं अक्षरें, आपोआप वाजणारें संगीत यांचा मोह टाळावा. पान तयार झाल्यावर घरांतील सर्वांत जुन्या मोबाइलवर तें पाहावें. तेथें नीट दिसलें तर सर्वत्र दिसण्याची बरीच खात्री झाली. अशीं साधीं स्थिर पानें विनामूल्य ठेवूं देणाऱ्या जागा आहेत. शिक्षक व पालक यांच्या देखरेखीखालीं तेथें तीं चढवावीं.

हक्क आणि सभ्यता

दुसऱ्याचें चित्र न विचारतां आपल्या पानावर लावणें ही चोरी होय. आपल्या देशाच्या १९५७ च्या कायद्यान्वयें चित्राचा हक्क सामान्यतः तें काढणाराचा असतो. मोबदला देऊन काढवून घेतलेल्या चित्राचा हक्क मात्र, दुसरा करार नसेल तर, काढवून घेणाराकडे जातो. २०१२ सालच्या दुरुस्तीपासून छायाचित्रावरील हक्काची मुदत काढणाराच्या हयातीनंतर ६० वर्षें अशी झाली आहे. म्हणून विचारावें, परवानगी लेखी घ्यावी व नांव द्यावें.

कायद्याहून मोठा असा एक नियम प्रभूनें आपणांस शिकविला आहे : लोकांनीं आपणांशीं जसें वागावें असें वाटतें, तसें आपण त्यांच्याशीं वागावें. २२ जुलै २०२१ रोजीं आपल्या तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. पोलादपूर तालुक्यांतही केवनाळे व साखर सुतारवाडी येथें दरडींनीं बळी घेतले. अशा प्रसंगीं शोकांत बुडालेल्या मातेच्या तोंडासमोर मोबाइल धरणें हें छायाचित्रण नव्हे. ही माझी माता असती तर हें चित्र जगापुढें टांगलेलें मला सोसलें असतें काय, एवढा एकच प्रश्न मनाशीं विचारावा. दरडीची जागा, पडलेला रस्ता, मदतीचे हात यांचें चित्र पुढील पिढीस सावध करील. अश्रूंचें चित्र विचारल्यावांचून घेऊं नये. लहान मुलांचें चित्र पालकांच्या संमतीवांचून लावूं नये. आणखी एक गोष्ट पालकांनीं ध्यानांत ठेवावी. मोबाइलनें काढलेल्या चित्राच्या फाइलींत पुष्कळदां तें ठिकाण अक्षांश-रेखांशांसह गुप्तपणें नोंदलेलें असतें. घरांतील चित्रें किंवा दुर्मिळ पक्ष्याचें घरटें प्रसिद्ध करण्यापूर्वीं ती नोंद काढून टाकावी.

जतन

शुभवर्तमानांतील दोन बांधणारांचा दृष्टांत तुम्हांस ठाऊकच आहे. आमच्या महाडांत पुराचा दृष्टांत समजावून सांगण्याची गरज पडत नाहीं! मूळ चित्रांच्या तीन प्रती असाव्या; त्या निदान दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या; व त्यांतील एक प्रत दुसऱ्या गांवीं, पुराचें पाणी पोंचणार नाहीं अशा ठिकाणीं, असावी. मुंबईच्या भाच्यानें जें नकळत केलें, तें आपण जाणूनबुजून करावें. संकेतस्थळावर चित्र आहे म्हणजे तें सुरक्षित आहे, असें मात्र समजूं नये. तेथें असते ती लहान केलेली प्रत. शिवाय जागा देणारा उद्यां आपलें दुकान बंद करूं शकतो. स्थळाचा परवलीचा शब्द एकाच विद्यार्थ्याजवळ नसावा. तो शाळा सोडून गेला कीं चित्रालयास कुलूप लागतें.

कागदी चित्रांच्या पाठीमागें मऊ पेन्सिलीनें, न दाबतां, नांवें लिहावीं. चित्रें भिजलींच तर जोरानें ओढून सुटीं करूं नयेत. वाळण्यापूर्वींच स्वच्छ थंड पाण्यांत हलकेंच धुवावीं व दर्शनी बाजू वर करून स्वच्छ कापडावर सावलींत एकेक वाळवावीं. हें आम्हांस त्या दिवशीं ठाऊक असतें तर कदाचित् कांहीं चित्रें वांचलीं असतीं.

असो. त्या पांच स्त्रियांचें पुढें काय झालें, हें सांगून लेख संपवितों. घरच्या मंडळींच्या परवानगीनें मुलांनीं तें चित्र शाळेच्या संगणकावर सरावाच्या पानांत घेतलें व खालीं दोघींचीं नांवें देऊन तिघींपुढें ‘ओळख पटलेली नाहीं’ असें लिहिलें. त्या पानाची छापील प्रत एका विद्यार्थिनीनें आपल्या आजीस दाखविण्यासाठीं पोलादपूर तालुक्यांतील आपल्या वाडीस नेली. आजींनीं चष्मा लावून बराच वेळ पाहिलें व उजवीकडून दुसऱ्या स्त्रीवर बोट ठेवून म्हटलें, “ही तर माझी मावशी.” त्या मावशीचें एकही चित्र त्यांच्या घरीं नव्हतें. दुसऱ्या दिवशीं आम्हीं पानावर तिसरें नांव लिहिलें. दोन ओळी अद्याप तशाच आहेत.

मुलांनो, येत्या सुटींत एक काम करा. घरांतील जुनीं चित्रें घेऊन आजीआजोबांजवळ बसा. प्रत्येकाचें नांव, गांव व साल विचारा. आणि तें त्याच दिवशीं लिहून काढा. पालकांस विनंति अशी कीं, त्यांनीं हें काम खेळ समजूं नये. संकेतस्थळ पुढल्या महिन्यांतही बांधतां येईल. नांवें सांगणारीं माणसें आज आहेत, तोंवरच हें लिहून होईल.